लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर

नातवाच्या गाडीत कसलासा दिवा लागला की गॅरेजवाला स्टिअरिंगखाली वायर खुपसतो आणि हातातल्या पडद्यावर कोड उमटतो. झालं, रोग कळला! बॉनेटसुद्धा उघडायला नको. सोय आहे, मान्य. पण मला मेलीला ते बघून चुकल्यासारखं होतं. आमच्या ह्यांचा जन्म इंजिनाला कान लावण्यात गेला.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. शिर्डीकडच्या बेलापुरात रस्त्याकडेला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं, मागच्या खोलीत संसार. शिर्डीच्या टॅक्स्या, मळेवाल्यांच्या जीपा आमच्याकडेच यायच्या. हे एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "बेअरिंग गेलंय." उघडलं की तेच निघायचं. त्या कानावर आमची चूल पेटत होती.

आणि तेच कान जायला लागले. लहानपणापासून वाहायचे. आधी मला वाटलं, मुद्दाम ऐकत नाहीत. "अहो, जेवायला चला!" ओरडून घसा बसला की मी भांडी आपटायची. माझा पारा जात्याच चढलेला. पण एका सकाळी एक टॅक्सीवाला आला. इंजिनाची टकटक मला पार चुलीपाशी ऐकू येत होती. ह्यांनी मूठ या कानाला लावली, त्या कानाला लावली आणि म्हणाले, "काय न्हाई, झ्याक चाललंय."

टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आता हा गावभर सांगणार, संपलं गॅरेज.

त्याची नजर ह्यांनाही कळली. चेहरा पडला. काहीतरी करायचं म्हणून स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरली आणि दोन्ही हातांनी नटबोल्ट चाचपायला वाकले. टोक इंजिनाला टेकलं. तसेच थांबले. मग मूठ काढून ओरडलेच, "व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह वाजतोय! अगं, दातातनं ऐकू येतंय!"

उघडलं, तर खरंच व्हॉल्व्ह.

गॅरेज तरलं. दातांनी इंजिन ऐकणारा मिस्त्री बघायला लोक मुद्दाम थांबायचे. मीही हसायची. पण बाकी ऐकू येणं कमीच होत गेलं, आणि एका संध्याकाळी माझा तोल सुटला. "इंजिनाचं सगळं कळतं तुम्हाला! माझं एक अक्षर कळत न्हाई! मी काय भिंतीशी बोलू?" बोलता बोलता रडायलाच आलं.

ऐकू काही गेलं नसणार. पण रडणं दिसलं. ह्यांनी चिंधीला हात पुसले, जवळ आले, माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले, इंजिनापुढे मिटायचे तसेच.

"हं, बोल आता."

केवढं भांडण साठलं होतं!

"जेवायला चला," मी हळूच म्हटलं.

"आलो," म्हणाले.