एका भांडणाच्या दोन फायली

कोर्टातल्या दप्तऱ्याने एकोणतीस वर्षं फायली शिवल्या, वाचली मात्र एकही नाही. त्या दिवशी त्याला राहवेना. लागोपाठच्या दोन फायली, तारीख एक, ठाणं एक, कलम एक. बसथांब्यावर रांगेवरून जुंपलेले दोघे. एकाची फाईल आठ पानांची, सुईने सहज शिवता येईल अशी. दुसऱ्याची बावन्न, दाभण लावलं तरी आत शिरेना.

त्याने चष्मा चढवला. पहिलं पान शब्दाला शब्द सारखं. फक्त ‘वर्ण’ या रकान्यात एकाचा ‘गोरा’, दुसऱ्याचा ‘काळा’. गोरा दुसऱ्याच दिवशी जामिनावर घरी. काळा, पुलापलीकडचा गवंडी, चार महिने आत. दर पंधरवड्याला तीच ओळ: जामीनदाराच्या पत्त्याची पडताळणी बाकी.

दप्तऱ्याने ठाण्याच्या हवालदाराला गाठलं. “हे अडलंय कशात?”

“पलीकडे कोण मरायला जातंय, काका! त्या लोकांना पत्ता तरी असतो का?”

“मी तिथलाच आहे की.”

“तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आपले.”

दप्तऱ्याने नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वर्ण गवंड्याचाच होता.

रविवारी तो निघाला तशी बायको म्हणाली, “बाकीचे सुट्टीला पाहुण्यांकडे जातात, तुम्ही आरोपींकडे जा!”

पत्ता शोधावाच लागला नाही. जामीनदार म्हणजे गवंड्याचा मामा. दारावर घर क्रमांकाचे वीतभर आकडे रंगवलेले. “चार महिने दुपारी घर सोडलं नाही,” मामा म्हणाला. “न जाणो, साहेब यायचे आणि कुलूप बघून परत जायचे.”

एका घटनेच्या फायली एकत्र बांधाव्यात असा जुना नियम होता. कोणी पाळत नसे. सोमवारी दप्तऱ्याने पाळला. आठ पानं वर, बावन्न खाली.

न्यायाधीशांनी पानं उलटली, पुन्हा मागे आले. “हे कोणी बांधलं?”

“मी, साहेब.” पेन्शनला पाच महिने उरले होते. “भांडण एकच होतं.”

“हवालदार, या पत्त्यावर जायला किती वेळ लागतो?”

हवालदार छताकडे बघू लागला.

“चालत पाऊण तास, साहेब,” दप्तरी म्हणाला. “येताना चढ आहे, थोडा जास्त.”

संध्याकाळी गवंडी सुटला. दप्तरी फाटकाशी थांबला होता. गवंड्याने आधी एकच विचारलं, “तो दुसरा कसा आहे हो? आत कुठे दिसला नाही. म्हटलं दवाखान्यात असेल, आपला हात जोरात बसला की काय. चार महिने झोप नाही मला.”

“घरी आहे तो, ठणठणीत. दुसऱ्या दिवशीच गेला.”

“हुश्श! सुटलो म्हणायचं.” गवंडी मोकळेपणी हसला आणि चालू लागला. चार पावलांवर थबकला.

“दुसऱ्या दिवशी?” त्याने विचारलं.