ताईच्या कपाळावरची आठी

मामा विनोद लिहायचा, पण कसले! एका माणसाचं घर रोज सकाळी कामाला निघून जातं आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत मोकळ्या जागेवर त्याची वाट बघत बसतो. रंगमंचावर मामा हे रडवेल्या चेहऱ्याने सांगायचा आणि लोकांची हसून मुरकुंडी वळायची.

नवं काही लिहिलं की तो आधी आमच्याकडे येऊन आईला वाचून दाखवायचा. आई शिलाई मशीनवर असायची. ती हसली की कागद फाडायचा, तिच्या कपाळावर आठी पडली की खूश! "ताईला कळलं नाही ना? मग हे चालणार!" त्या आठीवर त्याने नाव कमावलं.

परवा कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईला कित्येक वर्षं नीट ऐकूच येत नाही. घरात राहून मलाही कळलं नाही, कबूल. पण मी काही चेहरे वाचून पोट भरत नाही.

मामा तिच्या कानाशी ओरडला, "ताई, सांगितलं का नाहीस?"

आईने दातांनी दोरा तोडला. "सांगितलं असतं, तर तू वाचायला दुसरीकडे गेला असतास."