उभ्या गाडीची चूक

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर एक पोचा आहे. ताटलीएवढा, गोल, मधोमध खोल. त्याच्या कडेला ओरखडा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण चालती गाडी दुसऱ्या गाडीला घासली तर पत्रा लांबवर ओरबाडला जातो. असा गोल पोचा पडतो तो उभ्या गाडीला. आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी गाडी उभी करूनच बसले होते.

बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात. जेवणं उरकल्यावर आण्णांनी एक डबा भरून घेतला. कागलला माझी आत्या अंथरुणाला खिळून आहे, तिच्यासाठी. दर सोमवारी आण्णा स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जायचे, दुपारभर बसायचे आणि उजेड असेपर्यंत परत यायचे. आत्याशी बोलायला दिवसभर घरात कुणी नसतं, आण्णांचंही आमच्या घरी तेच. मी ऑफिसात, बायको शाळेत. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. गाडी आहे म्हणून भावाबहिणीची भेट आहे, असा साधा हिशेब होता.

पार्किंग म्हणजे मुरूम टाकलेलं मैदान. मी बायकोला बोलवायला आत गेलो, आण्णा स्टिअरिंगपाशी बसून राहिले. आम्ही बाहेर येतोय तोवर धाडकन आवाज आला. रिव्हर्समध्ये मागं येणारी एक मोठी गाडी आमच्या दारावर आदळली होती. तिचा मागचा दिवा फुटला होता. चालवणारे होते नवऱ्या मुलाचे मामा.

मामा उतरले ते ओरडतच. "ओ पावणं, मी मागं येतोय दिसंना व्हय? हॉर्न तरी मारायचा की!"

बघ्यांना निमित्तच मिळालं. "म्हाताऱ्याकडं चावी देत्यातच कशाला?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अक्षता पडल्या न्हवं? मिटवा आता. का गाड्यांचं बी लग्न लावताय?"

मी वाकून दार पाहिलं. मुरमावर नुकतंच पाणी मारलं होतं. मामांच्या चाकांची ताजी नक्षी सरळ आमच्या दारापर्यंत आली होती आणि आमच्या चाकांखालचा मुरूम होता तसा होता. मी आत डोकं घालून पाहिलं, हँडब्रेक ओढलेला. पोचा जमिनीपासून किती उंच आहे ते मी वितीनं मोजू लागलो, तेव्हा मागून आवाज आला, "मोजणीला आलायसा व्हय, साहेब? हद्दीचा दगूड रोवून जावा मग!" सगळे हसले.

"मामा, आमची गाडी उभी होती," मी म्हणालो. "हे बघा."

मामा बघायला वाकलेही. तेवढ्यात आण्णा दार उघडून उतरले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं पावणं. माझीच गाडी पुढं सरकली. मनात काय ठेवू नका."

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांशी वाद घालायचा नसतो. आमटीत मीठ कमी पडलं तर चूक आमची, त्यांची वऱ्हाडाची बस उशिरा आली तरी आमचीच. मामांचा राग तिथल्या तिथे उतरला. आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "असू द्या आजोबा. वय झालं की हुतंय असं. पर आता बास करा गाडी." भरपाईसुद्धा नको म्हणाले, आणि लोकांना त्यांचं मोठं मन दिसलं.

परत येताना मी म्हणालो, "आण्णा, गाडी सरकलीच नव्हती."

"मला काय ठावं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "पोरीला तिथं नांदायचंय की."

मला वाटलं, विषय संपला. पण त्यांचं ते वाक्य आमच्या आधीच सगळ्यांच्या घरी पोचलं होतं. आठवड्याच्या आत बहिणीचा फोन आला. "दादा, आण्णांना आता गाडी देऊ नकोस. तिकडं सगळे म्हणतात, थोडक्यात निभावलं."

मी तिला पोचा, चाकांची नक्षी, हँडब्रेक सगळं क्रमानं सांगितलं.

"मग आण्णा स्वतःच का म्हणाले तसं?"

"तुझ्या मुलीसाठी."

ती म्हणाली, "असेल. पण आता काय मामांना खोटं पाडायचं? आणि उद्या खरंच काही झालं, तर तेच म्हणतील, आम्ही सांगितलं होतं." बायकोचंही तेच मत पडलं. माझा एकही मुद्दा कुणी खोडला नाही. त्याचा उपयोगही झाला नाही.

आण्णा तरी ऐकतील म्हणून मी त्यांना अंगणात नेऊन पोचा दाखवला. बराच वेळ ते त्याच्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हँडब्रेक ओढलेला न्हवता काय रं मी?"

"ओढलेला होता. मी स्वतः बघितलाय."

"आसंल," ते म्हणाले. त्या 'आसंल'ची मला भीती वाटली.

पुढच्या सोमवारी त्यांनी गाडीच्या काचा पुसल्या, गाडी सुरू केली आणि फाटकापर्यंत मागं घेतली. मग थांबून, उतरून मागं पाहिलं. परत बसले. परत उतरले. माझी रजा होती, मी खिडकीतून बघत होतो. शेवटी त्यांनी गाडी होती तिथे आणून लावली आणि चावी फ्रिजवर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

एका रविवारी मीच त्यांना कागलला नेलं. मी बाहेर कट्ट्यावर ताटकळतोय, हे त्यांना बघवेना. आत्याचं बोलणं अर्धं टाकून ते उठले. नंतर मी दोनदा विचारलं, तर नको म्हणाले.

आता आत्याच फोन करते. आण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू असतो आणि शेजारच्या खोलीत मला सगळं कळतं.

"लई दिस झालं रं. आला न्हाईस."

"डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हनलंय."

कुठल्याही डॉक्टरनं असं म्हटलेलं नाही.

"काय, डोळ्याचं काय?"

"व्हय. डोळ्याचं."

"मग यष्टीनं ये की. दार उघडंच असतंय."

"बघतो," आण्णा म्हणाले.