पट्टी धरलेला माणूस

आमच्या घरात हार घातलाय तो अण्णांच्या पाठीला.

काल दहावा झाला. येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे बघायचा, मग माझ्याकडे. एका मावशीने तर हळूच विचारलं, "अगं, तोंडाचा न्हाई का एखादा?"

नाही मावशी. म्हणून ही पोस्ट.

अण्णा म्हणजे माझे वडील. बांधकाम खात्यात मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच रिटायर झाले.

राजूरच्या बाजूला कुठेही सरकारी इमारत उभी राहायला लागली की टप्प्याटप्प्याने तिचे फोटो निघायचे. पाया, लिंटेल, स्लॅब. काही वर्षांनी वाढीव खोल्या निघाल्या की पुन्हा तेच.

भिंत किती उंच झाली ते फोटोत कळावं म्हणून शेजारी एक माणूस लाल-पांढरी पट्टी धरून उभा करत.

तो माणूस कायम अण्णा.

पहिल्याच फोटोला कुणी साहेब म्हणाले होते, "फोटोत काम दिसलं पाहिजे, तुझं तोंड नको."

साहेबांना म्हणायचं होतं, मध्ये येऊ नको. अण्णांनी पाठ फिरवली ती नोकरीभर.

फोटोवाला क्लिक करून ओरडायचा, "झाला अण्णा, वळा आता." तोवर मान हलायची नाही.

ही सवय घरीही आली. माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोत झाडून सगळे दात काढून समोर बघतायत, आणि नवरीचा बाप मांडवाच्या कापडाकडे. मी इतकी चिडले होते.

"अण्णा, हे काय सरकारी काम आहे का?"

"सवय लागली बाय. कॅमेरा दिसला की पाय आपसूक फिरत्यात."

मोबाईल आला तरी तेच. सेल्फीत फार तर एक कान सापडायचा.

ते गेले आणि मी मोबाईल पालथा घातला. काही नाही. शेवटी आधार कार्डवरचा फोटो मोठा करून आणला. तो काढताना तिथल्या माणसाने त्यांना खांदे धरून बसवलं होतं.

आईने एकदा बघितला आणि बाजूला ठेवला. "ह्यो कोन? पकडून आनल्यावानी दिसतोय."

बरोबर होतं तिचं.

दहाव्याला पाटावर काय ठेवायचं? आई नुसती रिकाम्या पाटाकडे बघत बसायची. मला ते बघवेना.

मग मी अण्णांच्या ऑफिसात गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी कपाटातून जुने अल्बम काढून दिले, चहाही मागवला.

पानोपानी अण्णा. पायाच्या फोटोत केस काळे कुळकुळीत. स्लॅबला डोक्यावर टोपी आली. वाढीव खोल्यांपर्यंत एक खांदा खाली उतरलेला.

निदान एकात तरी चुकून वळले असतील म्हणून सगळे बघितले.

एकातही नाही.

तिथेच रडले. रागही आला त्यांचा. एकदा तरी चुकायचं होतं अण्णा, काय बिघडलं असतं?

मोबाईलवर त्या फोटोंचे फोटो घेतले. आईला दाखवायचे नाहीत असं ठरवून घरी आले आणि पाच मिनिटांत दाखवले.

तिने चष्मा लावला.

"ह्यो निळा शर्ट. कॉलर फाटली व्हती, मी उलटी करून शिवली."

"ही टोपी शेवगाववाल्या पावन्यांनी दिल्याली."

एकेक करत ती दवाखान्याच्या फोटोपाशी थांबली. भिंत स्लॅबला आलेली, हातात पट्टी, मान ताठ.

"ह्योच लाव."

"आई, तोंड नाही दिसत गं."

"तुला न्हाई दिसत. मी रोज सकाळी दारातनं ह्येच बघितलंय. एकदा कामाला निघालं की मागं वळून न्हाई बघायचे कदी."

मग मी त्याच फोटोची फ्रेम करून आणली.

त्या दवाखान्यात माझा मुलगा झाला. तेव्हा मला माहीतही नव्हतं की त्या भिंतीची उंची माझ्या बापाच्या शेजारी मोजलीय.

तुमची आठवण येते अण्णा. खूप येते.

फोटोत काम नीट दिसतंय. तोंड कुठेही आलेलं नाही.

झाला अण्णा. वळा आता.