सेन्सर लटकवला आणि ड्रायव्हर गमावला

माझ्या छोट्या पेट्रोल टेम्पोचं इंजिन बसलं, तेव्हा चिखलीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं भंगारातल्या गाडीचं इंजिन काढून त्यात चढवलं. आम्ही त्याला चाचा म्हणतो. इंजिन बदललं म्हणून धुराचा पाइपही बदलायचा होता. चाचा साधा सायलेन्सर सुचवत होता. मला आवाज हवा होता. पन्नाशी आली, पोट पुढे आणि केस मागे गेले, पण डोणगावात शिरताना चार माणसांनी वळून पाहावं ही हौस काही गेली नाही. मी मोकळा, गुरगुरणारा पाइप आणला. त्याला ऑक्सिजन सेन्सर बसवायची जागाच नव्हती.

“दोन तास थांब, भोक पाडून बसवून देतो,” चाचा म्हणाला. “हे इंजनचं नाक आहे बे. धुराचा वास घेते अन् कंप्युटरले सांगते, पेट्रोल किती सोडाचं.”

“राहू द्या चाचा, आवाज तं मस्त येऊन राह्यला!”

सेन्सर मी सायकलच्या ट्यूबनं खाली चेसिसला बांधून टाकला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यावर बायकोची टिकली चिकटवली.

आठवड्याभरात टेम्पो दारुड्यासारखा पेट्रोल ढोसू लागला. मी संशय घेतला तो अकरा वर्षं माझी गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरवर. रोज संध्याकाळी पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढायचो, एवढा हलकट झालो होतो. एका सकाळी डोणगावच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, सगळ्यांदेखत त्याला विचारलं, “पेट्रोल कुठी विकतं बे?”

त्यानं कप खाली ठेवला. “महादेवाचा बेल आणा भाऊ. आत्ता उचलून शपथ घेतो.”

“चोराले बेलाची कायची भीती?” मी म्हणालो.

त्यानं किल्ली बाकावर ठेवली आणि चालू लागला.

मग तीन आठवडे मीच गाडी चालवली. पेट्रोल तेवढंच जात होतं. म्हणजे आता चोर मीच. चाचाकडे गेलो. तो गाडीखाली वाकला आणि पोट धरून हसला. “नाक बाहेर लटकवलं तं त्याले निस्ती मोकळी हवा भेटते. त्याले वाटते इंजन उपाशी आहे. मंग कंप्युटर पेट्रोल ओतूनच राह्यला ना!”

तिथून थेट ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“हे इथी काऊन सांगता? चोर म्हनलं तवा तं अख्ख्या स्टँडले ऐकू गेलतं. तिथीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलात उभा राहून सांगितलं, की यानं थेंबही घेतला नाही, माझ्याच हौसेनं पेट्रोल जाळलं. कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, “मंग पयले सोताच बेल उचलाचा होता ना दादा!” सगळे हसले. ड्रायव्हर हसला नाही.

“उद्यापासून येशील?” मी विचारलं.

“मले नका इचारू. माह्या बायकोले इचारा. नळावर तिले बाया चोराची बायको म्हनत होत्या.”

याला दोन महिने झाले. चाचानं सेन्सर जागेवर बसवून दिला, गाडी आता नीट पेट्रोल पिते. ड्रायव्हरच्या बायकोला विचारायला त्यांच्या दारापर्यंत मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा गाडी चालूच ठेवली आणि खाली न उतरता परत आलो.