रशिदाखाला आणि काका

आज बाजारात गुलाबपाण्याचा वास आला आणि पप्पांचं दफन आठवलं. नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत शेजारच्या रशिदाखाला गुलाबपाणी घेऊन आल्या होत्या. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पुनरुत्थानाची आशा आपल्याला आहे. यांचं इथे काय काम?" शरमेने मला मान वर करवेना.

खाला आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाभी, कयामतला मेलेले उठणार, हे आम्हीपण मानतो. ईसा, म्हणजे तुमचा येशू, परत येणार, हेही. भाईजान नक्की भेटतील तुम्हाला." आईने त्यांचा हात धरला आणि पहिली मूठभर माती त्यांनाच टाकायला लावली.

काही वर्षांनी खाला गेल्या. काका जनाज्यामागून कब्रस्तानापर्यंत चालत आले, पण फाटकाशीच थांबले. "कोणत्या तोंडाने आत जाऊ?" म्हणाले. मग मीही आत गेलो नाही, त्यांच्याजवळ उभा राहिलो.