पाचवीचा वर्ग कुणाला?

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो! तुम्ही आपली नोकरी करत असता, टपाल फोडत असता, साहेबाच्या मागं उन्हातनं पायी चालत असता आणि ते आपोआप चिकटत जातात, रानातनं आल्यावर धोतराला कुसळं चिकटतात तसे. एक उपटायला जावं तर चार हाताला लागतात! आज मात्र मी एकाच हिवाळ्याचे सांगणार आहे, नाहीतर तुम्हाला इथंच जेवायला थांबवावं लागेल.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. धाराशिवला, म्हणजे सरकारी कागदावरच्या उस्मानाबादला, मी शाळा तपासणीच्या कचेरीत कारकून होतो. घर तुळजापूरचं, अक्षर बरं, म्हणून लागलो. आम्ही तिघं. साहेब साताऱ्याकडून बदलून आलेले. शाळा तपासणं हे त्यांचं काम, लोक त्यांना डिप्टी साहेब म्हणत. दुसरे हेडक्लार्क शेखचाचा, परंड्याचे. निजामाच्या वेळचं उर्दू दप्तर त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नसे, त्यामुळं त्यांना रजाच मिळायची नाही! आणि तिसरा मी.

साहेबांना एकच व्यसन. "का?" विचारायचं. चहात साखर कमी पडली तरी हा माणूस चिडायचा नाही, का पडली ते विचारायचा.

तर वरून एक कागद आला. तालुक्यातल्या शाळा सुधारायच्या तर आधी काय, मागून काय, याचा अग्रक्रम लावून यादी पाठवा. आणि खाली एक ओळ होती, तिनं आमची झोप उडवली. या वर्षी पाचवीचा वर्ग एकच मिळेल, यादीत पहिलं नाव असलेल्या गावाला!

तुम्हाला आज त्याचं काही वाटायचं नाही. तेव्हा बहुतेक गावांत शाळा चौथीपर्यंत असायची. चौथी झाली की पोरगं रानात आणि पोरगी चुलीपुढं. पुढं शिकायचं तर दुसरं गाव गाठायचं, आणि ते कितीजणांना जमणार? एका गावचं नाव वर लिहायचं म्हणजे बाकीच्या सगळ्या गावांच्या पोरांना घरी बसवायचं. साहेब म्हणाले, "वसंतराव, पेन्सिलीनं लिहा. शाई नको."

*

आधी आम्ही प्रत्येक मास्तरला पत्र धाडलं. 'आपल्या शाळेची पहिली गरज एका शब्दात कळवावी.'

उत्तरं आली. फळा. छप्पर. पाणी. पुन्हा छप्पर. एका मास्तरांनी लिहिलं, 'बदली'.

साहेब खूश! उत्तर नवीन होतं ना. मास्तरांना बोलावणं गेलं. बिचारे टोपी सावरत येऊन उभे राहिले.

"मास्तर, आम्ही शाळेची गरज विचारली होती. तुमची नव्हे."

"शाळेचीच लिहिलीय साहेब."

"का बरं?"

"गावकऱ्यांची बैठक घेतली. शाळा सुधारायला आधी काय पाहिजे म्हणून विचारलं. सगळ्यांचं एकमत झालं, माझी बदली."

"आणि तुमचं मत?"

"मीही हात वर केला साहेब. एकट्यानं विरोधात कशाला जायचं!"

साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि त्याच गावी परत पाठवलं. इतका खरं बोलणारा मास्तर दुसरा कुठं मिळणार, म्हणाले.

*

पत्रानं भागेना, म्हणून दौरा निघाला. मोटार जाईल तिथवर मोटारीनं, पुढं बैलगाडीनं, तिच्यापुढं आपल्या पायांनी.

एका गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मास्तरांना पहिली गरज विचारली, तर ते म्हणाले, "शाळेला जागा." शेजारी पुजारीबुवा उभे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "देवाला जागा!"

"का हो? देव तर आधीपासून इथंच आहे."

"देव हाय साहेब, भक्त न्हायत!" बुवा तावातावानं बोलायला लागले. "शाळा आल्यापासून देवळात कुणी पाऊल टाकंना. शनवारी तेल घालायला माणूस उंबऱ्यात आला की हे मास्तर विचारत्यात, एकोणीस सत्ते किती?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "प्रौढ शिक्षण, साहेब."

तेवढ्यात खुद्द गावचे पाटील आले. उंबऱ्याच्या बाहेर लांबूनच त्यांनी मारुतीला हात जोडले, मास्तरांकडं एक नजर टाकली आणि झपाझप निघून गेले.

"बघितलं?" बुवा म्हणाले. "त्यांचं तेराच्या पाढ्यात अडकलंय!"

*

कुर्डुवाडीच्या रस्त्यावर एक गाव होतं. तिथली शाळा रोज निराळ्या वेळी भरायची. कधी दहाला, कधी साडेअकराला.

मास्तर म्हणाले, "घड्याळ न्हाय साहेब. सकाळची मोटार सुटली की म्या घंटा देतो."

बरोबर आहे म्हणून आम्ही उठलो. पण साहेब कसले उठतायत! ते मोटारीच्या ड्रायव्हरकडं गेले. "तुम्ही कधी सुटता?"

"शाळेची घंटा झाली की," ड्रायव्हर म्हणाला.

शेखचाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! दोघं एकमेकांची वाट बघतात. मग सुरुवात कोण करतो?"

आता साहेबांना सोडवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉटेलाच्या बाकड्यावर ठाण मांडून बसले. आम्हीही बसलो, करता काय! तासाभरानं उलगडा झाला. दूध आलं की हॉटेलवाला चहा टाकायचा. चहा पिऊन ड्रायव्हर मोटारीत बसायचा आणि इंजिन घुरघुरायला लागायचं. तो आवाज आला की मास्तरांना वाटायचं, मोटार सुटली. ते घंटा द्यायचे. घंटा ऐकून मोटार सुटायची.

"आणि दूध कधी येतं?" साहेबांनी विचारलं.

हॉटेलवाला म्हणाला, "म्हशीच्या मनावर हाय साहेब. पान्हा सोडंल तवा."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'पहिली गरज: घड्याळ'. मग थोडा विचार करून खाली लिहिलं, 'ते येईपर्यंत म्हशीला सरकी'.

*

शेखचाचांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

एका शाळेत आम्ही शिरलो, तर भिंतीवर काच लावलेली चौकट. तिला झेंडूचा हार. आत उर्दूतला एक कागद. मास्तर अभिमानानं म्हणाले, "जुन्या अमलातल्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला शेरा आहे. आमच्या आधीच्या मास्तरांनी लावला, आम्ही सांभाळला. दर दसऱ्याला पूजा करतो."

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"ते वाचता येत नाही. पण एवढ्या सुरेख अक्षरात वाईट थोडंच लिहिलं असेल!"

चाचांनी चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग हारातलं फूल नीट करत म्हणाले, "मास्तरसाब, मोठी तारीफ केलीय तुमच्या शाळेची."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी! आम्हाला त्यांनी गूळ-शेंगदाणे दिले, वेशीपर्यंत पोचवायला आले.

ते मागं वळल्यावर साहेब म्हणाले, "चाचा, खरं काय होतं?"

"छत गळतं, चार दिवसांत दुरुस्त करा, असा हुकूम होता जनाब."

"अहो, छत तर अजून गळतंय! पावसाचे ओघळ दिसले की भिंतीवर."

"हां. पण चौकट त्यांनी कोरड्या जागी लावलीय," चाचा म्हणाले.

*

असं करत यादी भरत आली. पहिल्या नंबरावर मात्र एकच गाव पुनःपुन्हा यायला लागलं. मोठं गाव, सडकेला लागून. तिथले पुढारी बापू, त्यांचं वर वजन होतं आणि त्यांनी गावाकडून शाळेची नवी कोरी इमारत बांधून घेतली होती. नियमच असा की, इमारत तयार असेल त्याला जास्त गुण. आम्ही बघायला गेलो. कडुलिंबाखाली सत्तर पोरं मातीत बसलेली आणि मागं इमारतीला हे मोठं कुलूप!

"बापू, कुलूप का?"

"आत घेतलं की पोरं भिंती खराब करत्यात. उद्घाटन व्हऊ द्या."

"उद्घाटन कधी आहे?"

"पाव्हणा मिळाला की. मोठा पाव्हणा पायजे. आता पाचवीचा वर्ग आला की दोन्ही एकदमच उरकू."

साहेब चिडले. बाहेर येऊन पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "पोरांपेक्षा चुना महत्त्वाचा?" पण गुणांची बेरीज केली की पहिलं नाव बापूंच्याच गावचं. मी तीनदा करून बघितली. मनात चीड होती, पण बेरजेपुढं आमचं काय चालणार! पेन्सिलीनं लिहिलं.

*

शेवटचं गाव राहिलं होतं, तेरणा नदीच्या काठी, तेरच्याही पुढं. एक खोली, एक म्हातारे मास्तर. गुणांत सगळ्यांत तळाला. यादीसाठी जायची काही गरज नव्हती, पण चौथीची परीक्षा घ्यायला साहेबांना जावंच लागणार होतं. तेव्हा ती परीक्षा डिप्टीच गावोगाव फिरून घ्यायचे.

चौथीत पाच पोरं आणि एक पोरगी. नाव शेवंता. बाकीच्यांपेक्षा चांगली हातभर उंच.

साहेबांनी हजेरीपट चाळला. "मास्तर, ही तिसऱ्यांदा चौथीत?"

"होय साहेब."

"मंद आहे का?"

मास्तर नदीकडं बघत राहिले.

तेवढ्यात तिचा बाप आला. रानातनं तसाच आला होता, हातापायाला चिखल. "साहेब, पाया पडतो, आवंदा हिला पास करा. सोयरीक खोळंबलीय."

"सोयरिकीचा आणि चौथीचा काय संबंध?"

"मास्तरला शबुद दिलाय म्या. गावातली साळा सरंस्तवर पोरगी साळंत, मग लगीन. साळा चौथीला सरती. आता सरती की न्हाय? पर ही पोरगी चौथीतनं सरंना! पाव्हणे दोन साल थांबलेत. शबुद मोडावा तर माझ्यानं मोडवत न्हाय."

"मग नदीपलीकडच्या शाळेत घाला पाचवीला."

"पोरीच्या जातीला नदीपल्याड कुणी धाडतं का साहेब? गावात असती तर गोष्ट निराळी. गावातल्या साळंला म्या बांधलेलाच हाय."

एवढं बोलून तो आमच्यासाठी चहा सांगायला गेला.

साहेबांनी फळ्यावर दहा गणितं घातली. पोरांनी पाट्या भरल्या. पाचही पोरं कशीबशी पास झाली. शेवंताची पाटी आली, दहाच्या दहा चुकलेली!

साहेब ती पाटी घेऊन खिडकीत गेले. मग त्यांनी मला खुणावलं. "वसंतराव, बरोबर उत्तरं वाचा."

मी वाचली. "शहाऐंशी. एकशे चार. सत्तावीस..."

"हिनं लिहिलीत सत्त्याऐंशी, एकशे पाच, अठ्ठावीस. खाली बघा. प्रत्येक उत्तर एकानं जास्त. भागाकारसुद्धा!"

चाचांनी पाटी हातात घेतली. त्यांच्या तोंडून नुसतंच "सुभानल्ला" निघालं. अहो, दहाही उत्तरं बरोबर आल्याशिवाय दहाही उत्तरं एकानं चुकवता येतात का! तीन वर्षं ही पोर असलं गणित करत होती.

साहेबांनी तिला जवळ बोलावलं. ती आली, पण पाटीकडं बघेना. साहेबांनी काही विचारलंही नाही. त्यांनी माझ्याकडून यादी मागून घेतली. पहिल्या नंबरावरचं बापूंचं गाव खोडरबरानं पुसलं. तिथं या गावाचं नाव लिहिलं, आणि माझ्या खिशातलं पेन घेऊन शाईनं गिरवलं.

"साहेब, गुण बसत नाहीत," मी हळूच म्हणालो.

"वर मी सांगेन."

मग त्यांनी कागद शेवंतापुढं धरला. "वाच. पाचवीचा वर्ग कुठं मागितलाय?"

तिनं वाचलं. आपल्या गावाचं नाव तिनं दोनदा वाचलं. एवढीशी झाली होती, ती एकदम ताठ उभी राहिली.

साहेबांनी पाटी आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "आता लिही बघू बरोबर उत्तरं."

तिनं पेन्सिल घेतली. पाटीवर टेकवलीसुद्धा. मग थांबली.

"मंजुरी आली का साहेब?"

"यायची आहे. कागद उद्या वर जाईल."

"नक्की यील?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, चाचांकडं बघितलं. आम्ही दोघंही सरकारी नोकर, आम्ही काय सांगणार!

शेवंतानं पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पाटी छातीशी धरली.

"मग मंजुरी आल्यावर लिवते."

बाहेर तिच्या बापाचा आवाज आला. तो चहा घेऊन येत होता. साहेबांनी निकालपत्रक पुढं ओढलं आणि तिच्या नावापुढं, शाईनं, ठळक लिहिलं, 'नापास'.